उदारमतवादी इटली कशी कोसळली: १९१९ ते १९२६ हा काळ अभ्यासण्याची एक पद्धत

मराठी वाचकाची इटलीशी जुनी ओळख आहे, पण ती मॅझिनी आणि गॅरिबाल्डी यांच्यापाशी थांबते. सावरकरांनी मॅझिनीचे लेखन १९०७ मध्ये मराठीत आणले आणि नंतरच्या कित्येक वाचकांनी इटलीचा स्वातंत्र्यलढा आपलाच असल्यासारखा वाचला. त्या लढ्यातून जे राज्य उभे राहिले त्याचे पुढे काय झाले, हा भाग मात्र आपल्या वाचनातून निसटलेला असतो. त्यामुळे १९२२ मध्ये मुसोलिनी एकाएकी अवतरतो, त्याच्या फॅसिस्ट पक्षाचे काळ्या डगल्यांतील तरुण रोमवर चाल करून जातात आणि संसदीय राज्य संपते, असे चित्र मनात तयार होते. पाठ्यपुस्तकेही महायुद्ध, महागाई, मोर्चा आणि हुकूमशाही अशा चार थांब्यांत हा प्रवास उरकतात.

हा काळ नीट समजून घ्यायचा असेल तर घटनांची यादी पाठ करून भागत नाही. इतिहासाचे विद्यार्थी, शिक्षक किंवा एखादे अभ्यासमंडळ यांना उपयोगी पडेल अशी एक पद्धत येथे मांडत आहे. त्यासाठी एक जाड वही, उत्तर इटलीचा मोठा नकाशा आणि या काळावरची दोन-तीन विश्वसनीय पुस्तके एवढे पुरते. वहीच्या पानावर चार रकाने आखावेत. पहिल्यात तारीख लिहावी. दुसऱ्यात त्या दिवशी निर्णय घेण्याचा कायदेशीर अधिकार कोणाच्या हाती होता ते लिहावे. तिसऱ्यात त्याने प्रत्यक्षात काय केले ते. आणि चौथ्यात, त्याचा हिशेब काय होता ते. चौथा रकाना पेन्सिलीने भरावा, कारण वाचन वाढेल तसा तो खोडावा लागतो. आठ-दहा पाने भरली की लक्षात येते की फॅसिस्टांनी राज्ययंत्रणा लढून जिंकली असा प्रसंग जवळजवळ कोठेच नाही. ज्यांच्याकडे अधिकार होते त्यांनी ते वापरायचे टाळले किंवा आपण होऊन पुढे केले, आणि प्रत्येक वेळी त्यात आपलाच फायदा आहे असे त्यांना वाटत होते.

आरंभ राज्यघटनेपासून करावा

पहिली नोंद १९१९ ची न करता ४ मार्च १८४८ ची करावी. त्या दिवशी वायव्य इटलीतील पिडमाँट राज्याच्या राजाने दिलेली सनद, म्हणजे ‘स्तातुतो’, हीच पुढे १८६१ मध्ये एकीकृत इटलीची राज्यघटना झाली. तिच्यातील दोन गोष्टी लक्षात ठेवल्या तर पुढचे बरेच काही उलगडते. एक म्हणजे कार्यकारी सत्ता केवळ राजाची होती आणि मंत्री नेमण्याचा व काढण्याचा अधिकार कलम ६५ ने त्यालाच दिला होता. संसदेत बहुमत असलेल्या माणसाला पंतप्रधान करायचे ही रूढी होती. कलमात ते कोठे लिहिलेले नव्हते. दुसरी गोष्ट म्हणजे सनदेत दुरुस्तीची वेगळी, कठीण अशी प्रक्रिया नव्हती; साध्या कायद्याने तिचा आशय बदलता येत असे. परिणामी फॅसिस्टांना राज्यघटना रद्द करण्याची गरजच पडली नाही. ती सनद त्यांच्या सबंध राजवटीत कागदोपत्री शाबूत होती आणि १ जानेवारी १९४८ ला प्रजासत्ताकाची राज्यघटना अमलात आली तेव्हाच तिचा अंत झाला.

या कलमाखाली वहीत दोन तारखा जोडीने लिहाव्यात: २९ ऑक्टोबर १९२२ आणि २५ जुलै १९४३. पहिल्या दिवशी राजा तिसरा व्हिक्टर इमॅन्युएल याने मुसोलिनीला सरकार बनवण्याचे निमंत्रण दिले आणि दुसऱ्या तारखेला त्याच राजाने त्याच अधिकारात त्याला काढून अटक करवली. मधल्या एकवीस वर्षांत तो अधिकार त्याच्याकडेच होता.

संसदेचे गणित स्वतः मांडावे

युद्धपूर्व काळावर फार वेळ घालवू नये, पण जोव्हान्नी जोलित्ती हा माणूस समजून घ्यावा. १८९२ ते १९२१ या काळात तो पाच वेळा पंतप्रधान झाला. वेगवेगळ्या गटांना सवलती देऊन, प्रीफेक्टांकरवी, म्हणजे आपल्या जिल्हाधिकाऱ्यांसारख्या केंद्राच्या अधिकाऱ्यांकरवी, निवडणुका सांभाळून आणि विरोधकांना हळूहळू आपल्या बाजूला वळवून बहुमत टिकवणे ही त्याची हातोटी होती. उदारमतवाद्यांना शिस्तबद्ध पक्ष असा नव्हताच. प्रतिष्ठित पुढारी आणि त्यांचे अनुयायी एवढीच त्यांची बांधणी होती. मताधिकार थोड्यांपुरता होता तोवर हे चालले. १९१२ मध्ये तो सुमारे ३३ लाखांवरून ८६ लाखांवर गेला, त्यानंतर महायुद्धात सुमारे ६ लाख सैनिक मेले, आणि १९१९ मध्ये प्रमाणशीर प्रतिनिधित्वाची पद्धत आली. जुन्या हातोटीने आता काम भागेना.

नोव्हेंबर १९१९ च्या निवडणुकीचे आकडे हाताने लिहून बेरीज करावी. एकूण जागा ५०८. समाजवादी १५६, नव्याने स्थापन झालेला कॅथलिकांचा पोपोलारी पक्ष १००. म्हणजे हे दोन पक्ष मिळून २५६, निम्म्याहून जेमतेम जास्त. पण समाजवादी क्रांतीची भाषा करत होते आणि कोणत्याही ‘बुर्झ्वा’ सरकारात जायला तयार नव्हते. पोपोलारी पक्षाला त्यांच्या धर्मविरोधाची धास्ती होती. आणि पोपोलारींचे नेते, धर्मगुरू लुइजी स्तुर्झो, यांचा जोलित्तीवर काडीचाही विश्वास नव्हता. मुसोलिनीच्या गटाला त्या निवडणुकीत एकही जागा मिळाली नाही. मिलानमध्ये त्याच्या यादीला पाच हजारांहून कमी मते पडली. हा आकडा ठळक लिहून ठेवावा, कारण त्यानंतर तीन वर्षांच्या आत तो पंतप्रधान झाला.

जून १९१९ ते ऑक्टोबर १९२२ या काळात नित्ती, जोलित्ती, बोनोमी आणि फाक्ता असे चार पंतप्रधान झाले. प्रत्येकाच्या सरकारात कोणाचा पाठिंबा होता आणि तो कधी निघाला, हे एका पानावर मांडले की फेब्रुवारी आणि जुलै १९२२ मधील पेच समजतात. दोन्ही वेळा सरकार पडले, आठवडे उलटले, आणि कोणावरच एकमत होईना म्हणून लुइजी फाक्ता या सर्वांत निरुपद्रवी माणसाची निवड झाली. दुसऱ्या पेचात सौम्य समाजवाद्यांचा नेता फिलिप्पो तुराती प्रथमच राजाच्या भेटीला गेला, म्हणजे सरकारला आधार द्यायची तयारी अखेर झाली होती. ती दोन वर्षे उशिरा झाली होती, आणि ऑक्टोबरच्या आरंभी त्याच्या पक्षाने तुरातीच्या गटाला हाकलून दिले. रोमवरच्या मोर्च्याला तेव्हा महिनाही उरला नव्हता.

नकाशा उघडून पो नदीच्या खोऱ्यात जावे

अभ्यासाचा सर्वांत मोठा वाटा येथे द्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. राजधानीतील पुढाऱ्यांच्या चरित्रांवरून फॅसिझमचा उदय कळत नाही. तो एमिलिया आणि रोमान्याच्या सपाट, कालव्यांच्या मुलखात घडला. नकाशावर बोलोन्या, फेर्रारा, राव्हेन्ना, पार्मा आणि क्रेमोना यांभोवती खुणा कराव्यात. हा मुलूख मराठी माणसाला अगदीच परका नाही. राव्हेन्नाच्या पश्चिमेस वाहणाऱ्या सेनिओ नदीच्या उंच बांधांवर ९ एप्रिल १९४५ रोजी मराठा लाइट इन्फन्ट्रीचा शिपाई, नगर जिल्ह्यातील नामदेव जाधव, याने व्हिक्टोरिया क्रॉस मिळवला. बांधांनी अडवलेल्या नद्या, दलदल उपसून काढलेली शेते आणि रोजंदारीवर जगणारे मजूर, असा तो प्रदेश आहे.

शेतमजुरांना वर्षातील काही महिनेच काम मिळे. म्हणून त्यांच्या समाजवादी संघटनांनी दोन गोष्टी मिळवल्या होत्या: मजूर लावायचा तर तो संघटनेच्या केंद्रामार्फतच, आणि जमिनीच्या प्रमाणात ठरलेले मजूर प्रत्येक मालकाने घेतलेच पाहिजेत. जो मालक किंवा मजूर हा नियम मोडेल त्याला दंड आणि गावाचा बहिष्कार. उपाशी मजुराच्या दृष्टीने ही व्यवस्था न्याय्य होती; बड्या जमीनदाराच्या दृष्टीने मालकी नावापुरती उरली होती; आणि लहान शेतकरी व वाटेकरी यांची मध्येच कुचंबणा होत होती, कारण समाजवादी कार्यक्रम जमिनीच्या सामाजिक मालकीचा होता आणि त्यांना तर स्वतःचा तुकडा हवा होता. १९२० च्या शरद ऋतूत बोलोन्याच्या जमीनदारांनी मजूर संघटनांपुढे मान तुकवली, आणि त्याच सुमारास झालेल्या स्थानिक निवडणुकांत देशातील सुमारे ८,००० पैकी २,००० हून अधिक नगरपालिका व गावसभा समाजवाद्यांच्या हाती गेल्या.

यानंतरची नोंद २१ नोव्हेंबर १९२० ची. त्या दिवशी बोलोन्याच्या नगरभवनात नवे समाजवादी सभागृह सूत्रे हाती घेणार होते. फॅसिस्टांनी आधीच धमकीची पत्रके लावली होती. चौकात गोळीबार सुरू झाला, नगरभवनातील समाजवादी रक्षकांनी घाबरून आपल्याच गर्दीवर हातबॉम्ब टाकले, सुमारे दहा माणसे मेली, आणि सभागृहात विरोधी बाजूचा नगरसेवक जुलिओ जोर्दानी, जो युद्धातून परतलेला सैनिक होता, गोळी लागून ठार झाला. मेलेल्यांत बहुतेक समाजवादी होते, पण वृत्तपत्रांतून गाजले ते जोर्दानीचे बलिदान. पुढच्या काही आठवड्यांत जमीनदारांचा पैसा, नोकरी नसलेले माजी अधिकारी आणि विद्यापीठातील तरुण एकत्र आले. १९२० च्या अखेरीस फॅसिस्टांची संख्या सुमारे २०,००० होती. वर्षभरात ती दोन लाखांच्या वर गेली.

येथे एक तारीख मागे जाऊन ताडून पाहावी. तुरीन आणि मिलानमधील कामगारांनी कारखाने ताब्यात घेतले ते सप्टेंबर १९२० मध्ये. जोलित्तीने सैन्य न पाठवता वाट पाहिली आणि महिन्याभरात तो लढा संपला. फॅसिस्ट पथकांची खरी वाढ त्यानंतरची आहे. फॅसिस्टांनी देशाला बोल्शेव्हिक क्रांतीपासून वाचवले हा त्यांचा दावा कालक्रमात बसत नाही. क्रांतीची लाट ओसरली होती आणि सूड घेण्याची वेळ आली होती.

पथकांची कार्यपद्धती तपशिलाने लिहून काढावी, कारण हिंसेचे रूपांतर कायदेशीर सत्तेत कसे होते ते येथे दिसते. रात्री लष्करी मालमोटारी गावात शिरत. मजूर केंद्र, सहकारी भांडार आणि छापखाना जाळला जाई. संघटनेच्या चिटणीसाला घराबाहेर ओढून सोटे मारत आणि लिटरभर एरंडेल पाजून त्याची गावासमोर विटंबना करत. मग नगरपालिकेच्या सदस्यांना राजीनाम्यासाठी मुदत दिली जाई. त्यांनी राजीनामे दिले की प्रीफेक्ट ‘सुव्यवस्थेसाठी’ प्रशासक नेमी. निवडून आलेले सभागृह गेले, आणि कागदावर सर्व काही नियमानुसार झाले. मजूर केंद्राच्या जागी फॅसिस्टांची संघटना येई आणि तीच आता काम वाटे. पोटासाठी मजूर तिच्यात जात. मे १९२२ मध्ये फेर्रारात तेथील फॅसिस्ट पुढारी इतालो बाल्बोने असे हजारो मजूर शहरात आणून बसवले आणि सरकारकडून सार्वजनिक बांधकामे मंजूर करून घेतली.

याच बाल्बोने जुलै १९२२ च्या अखेरीस राव्हेन्नात काय केले ते त्याच्या छापील रोजनिशीत आहे. तो पोलीसप्रमुखाकडे गेला आणि म्हणाला की अर्ध्या तासात फॅसिस्टांना शहराबाहेर नेण्यासाठी वाहने मिळाली नाहीत तर समाजवाद्यांची घरे जाळू. अधिकारी गांगरले, आणि इंधन भरलेल्या मालमोटारी कोठे उभ्या आहेत ते त्यांनी सांगितले. त्यांतील काही पोलिसांच्याच होत्या. त्याच मोटारींतून त्याचे पथक रोमान्याभर जाळपोळ करत फिरले. हे लिहिणारा फुशारकी मारतो आहे हे ध्यानात ठेवूनही ही नोंद वहीत असावी, कारण पोलीसप्रमुखाचा रकाना तिच्याशिवाय भरत नाही.

पोलीस आणि सैन्य यांना हे थांबवता आले नसते, असे म्हणणाऱ्यांसाठी २१ जुलै १९२१ रोजीचा सार्झाना येथील प्रसंग राखून ठेवावा. तुरुंगातील साथीदाराला सोडवायला आलेल्या सुमारे ५०० फॅसिस्टांसमोर डझनभर काराबिनिएरी, म्हणजे लष्करी पोलीस, उभे राहिले, त्यांनी गोळ्या झाडल्या, आणि पथक उधळले; पळणाऱ्यांपैकी काहींना आसपासच्या गावकऱ्यांनी मारले. पथकाचा म्होरक्या अमेरिगो दुमिनी होता. त्याचे नाव पुढे पुन्हा येणार आहे. ऑगस्ट १९२२ मध्ये पार्म्यातील कामगारवस्तीने अडथळे उभारून बाल्बोच्या हजारो माणसांना काही दिवस रोखले आणि त्यांना परत जावे लागले, हाही तसाच दुसरा दाखला. दोन्ही अपवाद आहेत. बहुतेक ठिकाणी स्थानिक अधिकाऱ्यांनी बघ्याची भूमिका घेतली, आणि डिसेंबर १९२१ मध्ये सशस्त्र संघटना मोडण्याचे बोनोमी सरकारचे आदेश कागदावरच राहिले.

रोममध्ये याच काळात जोलित्तीचा हिशेब काट्याने काटा काढण्याचा होता. मे १९२१ च्या निवडणुकीत त्याने फॅसिस्टांना आपल्या राष्ट्रीय आघाडीत घेतले. त्यांना ५३५ पैकी ३५ जागा मिळाल्या. समाजवादी १२३ आणि पोपोलारी १०८ वर राहिले, म्हणजे ज्यांना कमजोर करायचे होते ते फारसे कमजोर झाले नाहीत, आणि ज्यांची हिंसा चालू होती त्यांना प्रतिष्ठा मिळाली. सत्तेची चव लागली की हे तरुण निवळतील, असे त्याला वाटत होते.

ऑक्टोबर १९२२ मधील दोन दिवस तासांनुसार लिहावेत

२७ ऑक्टोबरच्या रात्री उत्तरेतील आणि मध्य इटलीतील अनेक प्रीफेक्ट कचेऱ्या व तार कार्यालये फॅसिस्टांनी घेतली. रोमकडे येणाऱ्या त्यांच्या तुकड्यांत सुमारे २५-३० हजार माणसे असावीत. पावसात भिजलेली, खायला पुरेसे नाही, अनेकांकडे धड बंदूकही नाही. सैन्याने रुळ उखडून त्यांच्या गाड्या शहरापासून दूर अडवल्या होत्या. २८ च्या पहाटे मंत्रिमंडळाने लष्करी कायदा पुकारण्याचे ठरवले; दुपारी बारापासून तो लागू होणार होता, प्रीफेक्टांना तारा गेल्या, भिंतींवर फलक लागले. सकाळी फाक्ता हुकूमनामा घेऊन राजाकडे गेला आणि राजाने सही करण्यास नकार दिला. दुपारपूर्वीच हुकूम मागे घेतला गेला.

राजाने नकार का दिला, याची उत्तरे अनेक आहेत: यादवीची भीती, सैन्याच्या निष्ठेविषयी शंका, फॅसिस्टांकडे कल असलेला चुलत भाऊ ड्यूक ऑफ आओस्ता, आणि फाक्तावरचा अविश्वास. सेनापतींनी राजाला दिलेल्या सल्ल्याचे जे एक चटकदार वाक्य सर्वत्र उद्धृत होते, ते चौथ्या रकान्यात लिहू नये. ऐकीव गोष्टींसाठी वहीच्या मागे वेगळे पान ठेवावे. त्यापेक्षा एक साधी गोष्ट महत्त्वाची आहे. त्या क्षणीसुद्धा राजापुढे मुसोलिनी हाच पर्याय होता असे नाही. त्याने आधी जुन्या उजव्या उदारमतवादी सालांद्राला सरकार बनवायला सांगितले. मुसोलिनीने त्याच्या हाताखाली काम करण्यास नकार दिला आणि सालांद्राने माघार घेतली. मुसोलिनी या सर्व वेळात मिलानमधील आपल्या वृत्तपत्राच्या कचेरीत होता. २९ ला निमंत्रणाची तार आली, रात्रीच्या गाडीच्या शयनयानातून तो निघाला आणि ३० ला सकाळी रोमला पोहोचला. काळे डगलेवाले शहरातून मिरवत गेले ते ३१ ला, त्यांचा नेता पंतप्रधान झाल्यावर. मग त्यांना खास गाड्यांनी घरी पाठवण्यात आले. ‘रोमवरचा मोर्चा’ हे नाव वापरताना हा क्रम डोळ्यांपुढे ठेवावा.

येथे वही मिटू नये

बहुतेक वाचक ऑक्टोबर १९२२ ला थांबतात. मुसोलिनीचे पहिले सरकार संमिश्र होते, संसद चालू होती, वृत्तपत्रे निघत होती. संसदीय राज्याची इतिश्री नोव्हेंबर १९२६ मध्ये झाली, आणि मधल्या चार वर्षांत निदान तीन वेळा मागे फिरण्याची संधी होती. म्हणून पुढील नोंदी मतदानांच्या कराव्यात आणि प्रत्येकीपुढे हात वर करणाऱ्यांची नावे लिहावीत.

१६ नोव्हेंबर १९२२ रोजी मुसोलिनीने प्रतिनिधीगृहाला तोंडावर सांगितले की मनात आणले असते तर या सभागृहाची मी छावणी करून टाकली असती. त्यानंतरच्या विश्वासदर्शक ठरावावर ३०६ विरुद्ध ११६ असे मतदान झाले. फॅसिस्ट फक्त ३५ होते. उरलेल्यांत जोलित्ती, सालांद्रा, ओर्लांदो हे माजी पंतप्रधान होते आणि पोपोलारींचा आल्चिदे दे गास्पेरीही होता, ज्याने दुसऱ्या महायुद्धानंतर प्रजासत्ताकाचे नेतृत्व केले. जानेवारी १९२३ मध्ये पक्षाची पथके सरकारी खर्चाने पोसलेली ‘मिलिशिया’ झाली. जुलै १९२३ मध्ये आचेर्बो कायदा प्रतिनिधीगृहात २२३ विरुद्ध १२३ मतांनी मंजूर झाला: ज्या यादीला सर्वाधिक आणि किमान २५ टक्के मते मिळतील तिला दोन-तृतीयांश जागा. हे विधेयक तपासणाऱ्या समितीचा अध्यक्ष जोलित्तीच होता. एप्रिल १९२४ च्या निवडणुकीत, मारझोड आणि धमक्यांच्या छायेत, सरकारी यादीला सुमारे ६५ टक्के मते पडली.

३० मे १९२४ रोजी जाकोमो मात्तेओत्ती या समाजवादी सदस्याने सभागृहात उभे राहून त्या निवडणुकीतील गैरप्रकारांचे एकेक उदाहरण देत निकाल रद्द करण्याची मागणी केली. १० जूनच्या दुपारी तो टायबर नदीकाठच्या रस्त्याने संसदेकडे जात असताना पाच जणांनी त्याला मोटारीत कोंबले आणि ठार केले. जवळच्या इमारतीच्या दरवानाला ती मोटार आधीच संशयास्पद वाटली होती आणि तिचा क्रमांक टिपला गेला होता. त्यावरून माग एका फॅसिस्ट वृत्तपत्राच्या संपादकापर्यंत आणि पथकाचा म्होरक्या दुमिनी याच्यापर्यंत लागला. सार्झानाहून पळालेला दुमिनी तो हाच. मृतदेह १६ ऑगस्टला सापडला.

या सहा महिन्यांसाठी वहीत भरपूर जागा सोडावी. सरकार डळमळले होते, पक्षाची चिन्हे लावून फिरायला लोक कचरत होते. विरोधी सदस्यांनी संसदेवर बहिष्कार टाकला आणि राजा मुसोलिनीला काढील याची वाट पाहत बसले. राजा म्हणाला की संसदेने पाडावे. संसदेत पाडणारे नव्हते. सिनेटने जूनच्या अखेरीस विश्वास व्यक्त केला, आणि त्यात तत्त्वज्ञ बेनेदेत्तो क्रोचेचेही मत होते. जोलित्ती नोव्हेंबरमध्ये आणि सालांद्रा त्यानंतर विरोधात गेला. ३ जानेवारी १९२५ ला मुसोलिनीने सभागृहात घडलेल्या सर्व गोष्टींची राजकीय, नैतिक आणि ऐतिहासिक जबाबदारी आपली आहे असे जाहीर केले, सनदेच्या कलम ४७ नुसार आपल्यावर खटला भरावा असे आव्हान दिले, आणि कोणीही उठले नाही.

त्यापुढचे लवकर उरकता येते. डिसेंबर १९२५ च्या कायद्याने शासनप्रमुख संसदेऐवजी फक्त राजाला जबाबदार झाला, ‘कोरिएरे देल्ला सेरा’ या वृत्तपत्राच्या आल्बेर्तिनींना मालकी सोडावी लागली, निवडून येणाऱ्या महापौरांच्या जागी नेमलेले अधिकारी आले. नोव्हेंबर १९२६ मध्ये पक्ष विसर्जित झाले, बहिष्कार टाकलेल्या सदस्यांची पदे रद्द झाली, राजकीय खटल्यांसाठी खास न्यायालय स्थापन झाले आणि कम्युनिस्ट नेता अंतोनिओ ग्रामशी संसद सदस्य असतानाच पकडला गेला.

स्पष्टीकरणे वहीवर घासून पाहावीत

एवढी नोंद झाल्यावरच विश्लेषणात्मक पुस्तकांकडे वळावे. क्रोचेने पुढे फॅसिझमला इटलीच्या इतिहासातील एक कंस म्हटले, म्हणजे बाहेरून आलेली आणि गेलेली विकृती. तरुण उदारमतवादी पिएरो गोबेत्तीने १९२२ मध्येच त्याला राष्ट्राचे आत्मचरित्र ठरवले होते. मारहाणीनंतर तो १९२६ मध्ये पॅरिसमध्ये पंचविसाव्या वर्षाच्या आतच वारला. मार्क्सवादी अभ्यासकांनी जमीनदार आणि उद्योगपतींच्या प्रतिक्रियेवर भर दिला. प्रत्येक मत घेऊन वहीतील पाच नोंदींवर लावून पाहावे. पो खोऱ्याला वर्गसंघर्षाचे स्पष्टीकरण चपखल बसते; २८ ऑक्टोबरच्या सकाळला ते पुरत नाही. क्रोचेचे मत वाचताना सिनेटमधील त्याचे स्वतःचे मतदान शेजारी असू द्यावे. हा खोडसाळपणा नाही. ज्याने चूक केली आणि १९२५ पासून धैर्याने विरोध केला, त्याला आपला काळ कंसात घालावासा का वाटला हे त्यातून कळते.

आजच्या कोणत्याही सरकारशी तुलना करण्याची घाई होईल, तेव्हा तुलना माणसांची न करता रकान्यांची करावी: नेमणुकीचा अधिकार कोणाचा, हिंसेनंतर प्रशासक नेमतो कोण, बहुमताचा नियम कोणी बदलला. एवढे जुळत नसेल तर साम्य वरवरचे समजावे.

अभ्यासमंडळाला शेवटचा उपक्रम म्हणून मराठी साधने घेता येतील. १९२० च्या दशकात ‘केसरी’त इटलीच्या नव्या राजवटीविषयी कौतुकाने लिहिले जात होते. नागपूरचे डॉ. बा. शि. मुंजे यांनी १९ मार्च १९३१ रोजी रोममध्ये मुसोलिनीची भेट घेतली, तेथील युवक संघटना व लष्करी शिक्षणाच्या संस्था पाहिल्या आणि हे सारे रोजनिशीत लिहून ठेवले. नाशिकची भोसला मिलिटरी स्कूल त्यांनी १९३७ मध्ये सुरू केली. मोठ्या वाचनालयांत जुन्या वृत्तपत्रांच्या फायली किंवा त्यांच्या सूक्ष्मपटलिका असतात. त्यांतून ऑक्टोबर-नोव्हेंबर १९२२, जून ते ऑगस्ट १९२४ आणि जानेवारी १९२५ या तीन काळांतील अंक मागवावेत, इटलीविषयीची प्रत्येक बातमी आणि अग्रलेख तारखेनिशी उतरवावा, आणि तीच बातमी आपल्या वहीतील नोंदीसमोर ठेवून काय छापले गेले व काय गाळले गेले ते लिहावे. मात्तेओत्तीपासून सुरुवात केली तर सोपे जाते, कारण त्या तीन महिन्यांच्या तारखा आपल्याकडे आधीच पक्क्या असतात.